मोडलेली पेठ : रोचेस्टरचा धडा

पेठ भरते तेव्हा नफा दुकानदाराचा असतो. ती मोडते तेव्हा तोटा साऱ्या गावाचा होतो. हा व्यवहार न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर नगराच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतो.

१९५० साली या नगराची वस्ती ३,३२,४८८ होती. कोडॅकसारखा कारखाना गावात, पैसा खेळता. परंतु घरोघर मोटार आली, माणसे उपनगरांत राहावयास गेली आणि गिऱ्हाईकही त्यांच्यामागून निघाले. तेव्हा मॅकर्डी आणि फोरमन या दोन प्रतिस्पर्धी दुकानदारांनी वैर बाजूस ठेवून व्हिक्टर ग्रुएन या वास्तुतज्ज्ञास पाचारण केले. हा मूळचा व्हिएन्नाचा. १९३८ साली नाझींच्या भयाने अमेरिकेत आलेला. एप्रिल १९६२ मध्ये ‘मिडटाउन प्लाझा’ उघडला. अमेरिकेतील नगराच्या ऐन मध्यभागी उभारलेला हा पहिला बंदिस्त बाजार मानला जातो. खाली मोटारींचा तळ, वर कार्यालये व हॉटेल, आणि मधल्या चौकात बारा राष्ट्रांच्या बाहुल्यांचे घड्याळ!

मग तो मोडला का? कारण उघड आहे. मोटारीने आणलेल्या रोगावर मोटारीच्या तळाचेच औषध योजले होते. शिवाय बाजाराने तोंड आत वळविले आणि पाठ रस्त्याकडे केली. त्यामुळे आजूबाजूच्या दुकानांस त्याच्या गर्दीचा लाभ झाला नाही. उपनगरांचा ओघ थांबला नाही तो नाहीच. १९८० नंतर कोडॅकचीही उतरण लागली. मोठी दुकाने गेली आणि २००८ साली बाजारास कुलूप लागले.

पुढे जे घडले त्यातच खरा अर्थशास्त्राचा पाठ आहे. ओस इमारत कर देत नाही, पण पहारा, दिवाबत्ती आणि आगीचा बंब मागते. तिच्यात ॲस्बेस्टॉस भरलेले. ते काढण्याचा खर्च कोणता व्यापारी अंगावर घेणार? म्हणून नगराने जागा ताब्यात घेतली आणि पाडकामाचा भार राज्याच्या तिजोरीने उचलला. नंतर जागेचे तुकडे पाडून त्यांतून पुन्हा रस्ते काढले. ही गोष्ट लहान दिसते, पण तिचे मोल मोठे आहे. सारी जागा एकाच हाती दिली असती, तर त्या एकाच्या अपयशाने सारेच बुडाले असते. तसा प्रसंग आलाही. ज्या दूरध्वनी कंपनीच्या भव्य कचेरीवर सर्वांची भिस्त होती, ती २०११ साली दुसरीने विकत घेतली आणि कचेरी योजनेपेक्षा बरीच लहान झाली. तरी बाकीचे तुकडे तरले. जुन्या मनोऱ्याचा सांगाडा राखून त्यात राहती घरे झाली. एका मोकळ्या तुकड्यावर नाट्यगृह बांधावे की तो लोकांसाठी मोकळाच ठेवावा, यावर वर्षानुवर्षे वाद चालला. दरम्यान तेथे संगीताचे जलसे रंगले.

एवढ्याने गाव पूर्ववत झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. २०२० च्या शिरगणतीत वस्ती २,११,३२८ च भरली. इमारत पाडून गेलेली माणसे परत येत नसतात. परंतु जेथे रात्री दिवा लागतो, मुले खेळतात आणि रस्ता वाहता असतो, तेथे दुकान आपोआप येते. दुकान आधी आणि वस्ती मागून, हा क्रम रोचेस्टरने एकदा करून पाहिला आणि त्याची किंमत सार्वजनिक तिजोरीने भरली. जुन्या पेठा पाडून मोठे बाजार उठविण्याची घाई ज्या गावांस झाली आहे, त्यांनी तो हिशेब आधी वाचावा.