पिकअपची वेगसाधना

15 एप्रिल 1925 रोजी फोर्ड कंपनीने मॉडेल टी गाडीच्या मागे पोलादी हौदा बसवून ती 281 डॉलरांस विक्रीस काढली, तेव्हा तिने एका रूढ व्यवहारावर कारखान्याची मोहोर उठवली इतकेच. कारण त्यापूर्वी कित्येक वर्षे अमेरिकेतील शेतकरी आणि दुकानदार साधी मोटार खरेदी करून गावच्या सुतार-लोहाराकडून तिच्यावर हौदा चढवून घेत असत. वीस अश्वशक्तीच्या त्या गाडीने निमूटपणे ओझी वाहावीत, याहून अधिक अपेक्षा तिच्या मालकांची नव्हती. तिला वेगाची दीक्षा दिली ती दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांनी.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेस मोहावी वाळवंटात मुरॉक आणि एल मिराज ही कोरडी सरोवरे मैलोगणती सपाट पसरली आहेत. तेथे हे तरुण जुन्या फोर्ड गाड्या, मडगार्ड, काच, टप असे जे जे जड ते ते उतरवून, घड्याळ लावून पळवीत. 1932 साली फोर्डने आठही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात बसवून 65 अश्वशक्तीचे व्ही-आठ इंजिन सामान्यांच्या आवाक्यात आणले; कालांतराने तीच इंजिने भंगारात स्वस्त मिळू लागली आणि या छंदास बळ चढले. 1937 साली शर्यतींच्या नियमनासाठी ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन झाली. पुढे मुरॉक लष्कराच्या अमलाखाली गेले. परंतु महायुद्ध संपताच यंत्रकामात हात मुरलेले सैनिक घरी परतले, आणि 1948 च्या जानेवारीत अशा गाड्यांच्या ‘हॉट रॉड’ या रूढ नावाचे मासिकच निघाले.

अशी गाडी बांधण्याच्या कसबाचे मर्म चेसिसमध्ये आहे. पुढच्या अॅक्सलची दोन्ही टोके तापवून वर वाकवली म्हणजे मधला भाग, आणि त्याबरोबर गाडीचे नाक, खाली येते; मागे चेसिसचे दांडे कापून, मध्ये उभा तुकडा घालून पुन्हा सांधले म्हणजे शेपूटही उतरते. हे सांधे ज्याने नीट जोडले नाहीत, त्याच्या गाडीस कितीही सुंदर रंग असो, ती घातकच.

रसिकांनी मान दिला तो मुख्यतः उघड्या रोडस्टरला. पिकअप दुय्यम लेखली गेली. मला हा न्याय मान्य नाही. नॉर्म ग्रॅबोव्स्कीने 1950 नंतरच्या दशकात 1922 च्या मॉडेल टीचा पुढचा अर्धा भाग, मॉडेल ए पिकअपचा कापून आखूड केलेला हौदा आणि कॅडिलॅकचे इंजिन यांची जोड घालून जी गाडी सिद्ध केली, ती 1958 साली सुरू झालेल्या ‘77 सनसेट स्ट्रिप’ या दूरचित्रमालिकेतून घरोघर पोहोचली आणि पुढल्या पिढीच्या असंख्य गाड्यांचा नमुना ठरली. ज्या हौद्यात धान्याचे एक पोतेही धड मावू नये, त्याच हौद्याने त्या गाडीस तिचे रूप दिले.

आज अशी गाडी विक्रीस दिसली, तर दस्तऐवजावरील सालास भुलू नये. त्या सालाचे तिच्यात अनेकदा थोडेसे पत्रेच उरलेले असतात. फोर्ड मोटारींस हायड्रॉलिक ब्रेक 1939 च्या मॉडेलपासून मिळाले, हे ध्यानी ठेवून ब्रेक कोणते आहेत ते आधी विचारावे, मग खाली वाकून चेसिसचे सांधे पाहावेत, आणि बांधणाऱ्याने काम चालू असता काढलेली छायाचित्रे मागावीत. ती दाखवता येत नसतील, तर सौदा करू नये.