शल्य : वसईच्या तटापासून कृत्रिम सांध्यापर्यंत

१/
मे १७३९ मध्ये वसईचा कोट मराठ्यांच्या हाती आला. चिमाजी अप्पांच्या या विजयाची किंमत मोठी होती. ग्रँट डफच्या इतिहासात मराठ्यांची हानी ५,००० हून अधिक, तर पोर्तुगिजांची ८०० अशी दिलेली आहे. इतिहासाच्या पुस्तकांत हा आकडा एका ओळीत संपतो. जखमी शिपायाची लढाई मात्र तेथून पुढे सुरू होत असे.

२/
वेढ्यातील जखमा कशाच्या असत? सुरुंगाने उडालेले दगड, तोफगोळ्यांचे तुकडे, बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या. गोळी शरीरात एकटी शिरत नाही. अंगरख्याची चिंधी, कातडीचा कण आणि धूळ ती बरोबर ओढून नेते. अठराव्या शतकात जगातील कोणत्याही फौजेत हेच घडे: रणांगणात वाचलेला माणूस पुढे जखमेत पू होऊन दगावे.

३/
या धोक्याला भारतीय वैद्यकाने फार पूर्वी नाव दिले होते: शल्य. शरीरात रुतून पीडा देणारी कोणतीही वस्तू म्हणजे शल्य. शस्त्रक्रियेच्या शास्त्राला ‘शल्यतंत्र’ हे नाव त्यावरूनच मिळाले. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शल्य काढण्याचे १५ उपाय सांगितले आहेत. त्यांत लोहचुंबक आहे, आणि मनात रुतलेल्या शोकरूपी शल्यासाठी हर्षही आहे. मराठीत आजही मनात शल्य ‘सलते’, ते याच अर्थाने.

४/
त्याच ग्रंथात ‘नाडीव्रण’ वर्णिलेला आहे, म्हणजे नळीसारखा खोल जाणारा आणि सतत वाहणारा व्रण. आत राहून गेलेले शल्य हे त्याचे एक कारण सांगितले आहे. निरीक्षण अचूक होते. पण एक प्रश्न उरतो. शिसे किंवा सुताची चिंधी स्वतः सडवत नाही. मग ती आत राहिली की जखम का भरत नाही?

५/
उत्तराचा पहिला भाग १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे मिळाला. शल्यविशारद अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यांना द्राक्षांच्या घडासारखे गोल जिवाणू दिसले. घडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले.

६/
या कुळातील ‘स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस’ हा प्रत्येकाच्या त्वचेवर असतो. ‘ऑरियस’ हा त्याचा भाऊबंद अनेकांच्या नाकात वस्तीला असतो. कातडी शाबूत असेतो दोघांचाही सहसा उपद्रव नसतो. म्हणजे जखमेतील शत्रू दर वेळी बाहेरूनच येतो असे नाही. तो जखमी माणसाच्या अंगावर आधीपासूनच असतो.

७/
उत्तराचा दुसरा भाग १९५७ मधला. लंडनमध्ये एलेक आणि कोनेन यांनी स्वयंसेवकांच्या त्वचेत मोजून जिवाणू सोडले. नुसत्या त्वचेत पू होण्यास लक्षावधी जिवाणू लागले. रेशमाचा टाका घातलेल्या त्वचेत काही शेकडा पुरले. सुश्रुताच्या शल्याला आता आकड्यांचा आधार मिळाला: परकी वस्तू आत असली की मूठभर जिवाणूही भारी पडतात.

८/
हे कसे घडते, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झाला. १९७८ मध्ये कॅनडातील बिल कॉस्टर्टन आणि सहकाऱ्यांनी जिवाणू पृष्ठभागांना चिकटून समूहाने राहतात, ही कल्पना ठळकपणे मांडली. १९८२ मध्ये त्यांच्या गटाने हृदयात बसवलेल्या पेसमेकरच्या संसर्ग झालेल्या तारेवर तो थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवला. त्याचे नाव बायोफिल्म.

९/
बायोफिल्मची रचना इतिहासप्रेमींना ओळखीची वाटेल. आधी काही जिवाणू पृष्ठभागाला चिकटतात. मग ते वाढतात आणि शर्करा, प्रथिने व डीएनए यांच्या चिकट द्रवाचा कोट स्वतःभोवती उभारतात. आत काही पेशी जवळपास निद्रिस्त राहतात. कोट पक्का झाला की काही जिवाणू सुटून नव्या जागी ठाणे वसवतात.

१०/
प्रतिजैविके बहुधा वाढत्या पेशींवर प्रहार करतात. निद्रिस्त पेशी त्यातून वाचतात. पांढऱ्या पेशींनाही हा कोट सहज फोडता येत नाही. म्हणून गोळ्या चालू असेतो ताप उतरतो, सूज ओसरते आणि गोळ्या थांबल्या की पू परत येतो. कोटाबाहेरची फौज मारली गेली, कोट तसाच राहिला.

११/
आज शल्य आपण होऊन आत बसवले जाते: कृत्रिम गुडघा, हृदयाची झडप, पेसमेकर, शिरेतील नळी. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिरुअनंतपुरम येथे घडलेली ‘चित्रा’ झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. पुढे त्याच वलियाथनांनी सुश्रुताच्या वारशावर ग्रंथ लिहिला. शरीरात परकी वस्तू बसवणाऱ्या शल्यविशारदाने शल्य काढण्याच्या शास्त्राकडे वळावे, हे समर्पकच होते.

१२/
म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी जंतुनाशकाने त्वचा धुतात आणि प्रतिजैविकाची मात्रा आधी देतात. कोट बांधला जाण्यापूर्वीचे काही तास निर्णायक असतात. कोट उभा राहिल्यावर अनेकदा जुना उपाय उरतो: ती वस्तूच काढून जागा स्वच्छ करणे. कृत्रिम सांधा दुखू लागला, टाक्यातून पाणी येऊ लागले, तर औषधाच्या दुकानातून पुनःपुन्हा गोळ्या घेणे म्हणजे वेळ दवडणे. रुग्णाने शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडेच जावे.

१३/
वसईच्या किल्ल्यात आज ढासळलेली चर्चे, वडाच्या मुळांनी धरलेल्या भिंती आणि चिमाजी अप्पांचे स्मारक दिसते. तटाखाली पडलेल्या शिपायाला आणि त्याला मलमपट्टी करणाऱ्याला जिवाणू ठाऊक नव्हते. पण रुतलेले बाहेर काढल्याखेरीज जखम भरत नाही, हे वैद्यकाला तेव्हाही ठाऊक होते. ते का भरत नाही, हे कळायला वसई पडल्यानंतर आणखी सुमारे अडीचशे वर्षे जावी लागली.