कूल ए : डोंगरातील एक आयरिशभाषी खेडे

आयर्लंडच्या नैर्ऋत्येस, कॉर्क परगण्यातील डेरीनासॅगर्ट डोंगरांच्या कुशीत, सलान नदीच्या काठी कूल ए हे लहानसे खेडे वसले आहे. डोंगरांच्या आडोशामुळे येथे आयरिश भाषा टिकून राहिली, असे सामान्यतः सांगण्यात येते. हे स्पष्टीकरण सोपे खरे. परंतु पुरेसे नव्हे. १८३१ पासून निघालेल्या राष्ट्रीय शाळा डोंगराळ भागांतही पोचल्या होत्या व त्यांतील शिक्षण इंग्रजीतून चाले. १८४५ नंतरच्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली, निदान तितकीच देशोधडीस लागली. अमेरिकेची वाट धरणाऱ्या मुलास आईबापांनी इंग्रजीच शिकवावी, यात नवल ते काय? डोंगरांचा आडोसा लाभूनही कित्येक खेडी आपली भाषा विसरली.

कूल एचा विशेष निराळ्या ठिकाणी शोधावा लागतो. अठराव्या शतकात मन्स्टर प्रांती कवींची 'न्यायालये' भरत. सरकारी वॉरंटाचे विडंबन करणारा पद्यमय हुकूम काढून कवींना पाचारण केले जाई. ज्या कायद्याने आयरिश भाषेस दाराबाहेर ठेवले, त्याचीच परिभाषा तिने अशी थट्टेवारी नेली. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या मस्केरीच्या कविशाळेने, 'दाव्स्कोल'ने, ही चाल पुनरुज्जीवित केली. नेमून दिलेल्या विषयावर शेतकरी, शिक्षक असे स्थानिक कवी आपापली रचना तेथे सादर करतात. याच मुलुखात १८३९ साली जन्मलेले फादर पॅडर ओ लीरी यांनी 'शियाना' या कथेत जुनी ग्रांथिक भाषा टाकून लोकांच्या बोलीस गद्यात स्थान दिले. ब्रायन ओ कीव्ह यांनी १९४४ मध्ये पश्चिम मस्केरीच्या बोलीचा ध्वनिशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. आयरिश बोलीविज्ञानात तो आजही आधारभूत मानला जातो.

१९६३ च्या सुमारास संगीतकार शॉन ओ रियादा सहकुटुंब येथे राहावयास आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषेस वाव दिला होता. ओ रियादांनी गावातील पुरुषांचा गायकवृंद उभारला आणि पारंपरिक गायकीच्या वळणावर आयरिश भाषेतील मास रचला. लॅटिनची जागा येथे इंग्रजीने घेतली नाही, ही गोष्ट लहान नव्हे. १९७१ मध्ये ओ रियादा निवर्तले. पुढे त्यांचे पुत्र पॅडर यांनी वृंदाची धुरा सांभाळली.

भाषा येणाऱ्यांची गणती आणि ती वापरणाऱ्यांची गणती या भिन्न गोष्टी होत. शाळेबाहेर रोज आयरिश कोण बोलतो, ही पृच्छा आयरिश जनगणनेने स्वतंत्रपणे केली ती २००६ साली.