श्रोता आणि विद्यार्थी : कृषिशिक्षणातील अंतराचा प्रश्न

विकसनशील देशांतील कृषिशिक्षणाचा इतिहास मांडताना दोन परंपरा परस्परांपासून अलग ठेवण्याची पद्धत रूढ आहे. कृषी विद्यापीठांची परंपरा पदवीधर, संशोधक आणि अधिकारी घडवणारी मानली जाते. रेडिओ, दूरचित्रवाणी आणि पत्राद्वारे शिक्षण यांची परंपरा शेतकऱ्यापर्यंत माहिती नेणारी समजली जाते. या विभागणीमुळे प्रत्यक्ष शेती करणारा माणूस पहिल्या परंपरेच्या बाहेर राहिला आणि दुसरीत त्याला केवळ श्रोत्याचे स्थान मिळाले. तो विद्यार्थी केव्हा झाला आणि किती प्रमाणात झाला, हा प्रश्न भारताच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण या प्रश्नाचे एक उत्तर येथे फार लवकर, आणि तेही मराठी भाषेत, मिळाले होते.

१९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठीभाषक जिल्ह्यांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. कल्पना मूळची कॅनडातील होती. तेथे १९४१ पासून शेतकरी कुटुंबे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत. पुण्याच्या प्रयोगासाठी सुमारे दीडशे गावे निवडण्यात आली. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचे एकूण वीस कार्यक्रम पुणे केंद्रावरून प्रसारित झाले. प्रत्येक गावात साधारण वीस जणांचे मंडळ असे. त्याचा एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक असे. सभासदांत साक्षर होते तसे निरक्षरही होते. कार्यक्रम संपल्यावर मंडळ चर्चा करी. निमंत्रक चर्चेचा वृत्तांत आणि उपस्थित झालेल्या शंका आकाशवाणीकडे लिहून पाठवी आणि पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपवण्यात आले होते. पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली मंडळे असलेल्या गावांची तुलना दोन प्रकारच्या गावांशी करण्यात आली : रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि मुळात रेडिओच नसलेली गावे. मंडळे असलेल्या गावांत शेतीविषयक ज्ञानात लक्षणीय वाढ आढळली. केवळ रेडिओ असलेल्या गावांत ती अल्प होती आणि रेडिओ नसलेल्या गावांत नगण्य. निष्कर्ष साधा असला तरी दूरगामी होता. शिक्षण घडवले ते यंत्राने नव्हे, तर यंत्राभोवती जमलेल्या माणसांनी आणि त्यांच्या प्रश्नांना उलट वाट मिळाल्याने. दूरशिक्षणाच्या परिभाषेत आज ज्याला अध्ययनगट आणि प्रत्याभरण म्हणतात, त्यांचे महत्त्व येथे प्रत्यक्ष गावांत तपासले गेले होते. १९५९ पासून ही योजना देशाच्या अन्य भागांत नेण्यात आली आणि पुढे आफ्रिकेत घाना येथेही अशा मंडळांचा प्रयोग झाला.

याच सुमारास विद्यापीठीय परंपरा वेगळ्या दिशेने आकार घेत होती. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने लँड ग्रँट महाविद्यालये उभी राहिली, १८८७ मध्ये त्यांना प्रयोगकेंद्रे जोडली गेली आणि १९१४ च्या कायद्याने विस्तारकार्य त्यांच्या कर्तव्याचा भाग बनले. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही त्रयी घडायला तेथे अर्धशतकाहून अधिक काळ लागला. भारताने ती एकदमच स्वीकारली. इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पंतनगर येथे १९६० साली पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे १९६८ ते १९७२ या काळात कृषी विद्यापीठे स्थापन झाली. मात्र गावपातळीवरील विस्तारयंत्रणा बव्हंशी राज्यांच्या कृषी खात्यांकडेच राहिली. त्रयीतील तिसरा घटक विद्यापीठाच्या आवारात काहीसा परकाच ठरला.

प्रसारमाध्यमांनी ही उणीव आपल्या परीने भरून काढण्याचा प्रयत्न केला. तमिळनाडूत ए.डी.टी.२७ हे भाताचे वाण आकाशवाणीवरील प्रचारामुळे ‘रेडिओ भात’ म्हणूनच ओळखले जाऊ लागले. २६ जानेवारी १९६७ रोजी दिल्लीच्या परिसरातील ऐंशी गावांसाठी ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. १९७५–७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत दूरचित्रवाणी पोहोचली. विस्तार वाढला, परंतु मंडळाची चर्चा आणि उलट जाणारे पत्र त्या प्रमाणात वाढले नाही. शेतकरी पुन्हा श्रोता किंवा प्रेक्षक झाला.

त्याला शिकणारा मानण्याचे श्रेय प्रामुख्याने कृषी विज्ञान केंद्रांकडे जाते. मोहनसिंह मेहता समितीच्या शिफारशींतून ही संकल्पना साकार झाली आणि पहिले केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत निघाले. कृतीतून शिकणे आणि कृतीतूनच शिकवणे हे त्याचे सूत्र होते. प्रवेशासाठी पूर्वशिक्षणाची अट नव्हती; पण शेवटी पदवीही नव्हती. आज देशात सातशेहून अधिक केंद्रे आहेत, ही या सूत्राच्या उपयुक्ततेची साक्ष होय.

पदवी आणि शेत यांची सांगड घालण्याचा प्रयत्न मुक्त विद्यापीठांच्या काळात झाला. इंग्लंडमधील वाय कॉलेजने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कृषिविकासविषयक पदव्युत्तर शिक्षण बहिःस्थ पद्धतीने देण्यास प्रारंभ केला. त्याचा उपयोग विकसनशील देशांतील नोकरी न सोडता शिकू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना झाला. हा विद्यार्थी शेतीविषयीचा जाणकार होता. शेतकरी असेलच असे नव्हे. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने वेगळा मार्ग धरला. माळीकामाच्या प्रमाणपत्रापासून फळबाग व भाजीपाला उत्पादनाच्या पदविकांपर्यंतचे शिक्षणक्रम त्याने मराठीतून आखले. स्वयंअध्ययनाची पुस्तके घरी आणि प्रात्यक्षिके अभ्यासकेंद्रावर, अशी त्याची मांडणी होती. पुण्याच्या मंडळातील सामूहिक अध्ययन आणि कृषी विज्ञान केंद्रातील कृती यांना येथे विद्यापीठीय मान्यतेची जोड मिळाली.

ही जोड मात्र निर्विवाद राहिली नाही. प्रयोगशाळा, प्रक्षेत्र आणि ग्रामीण कार्यानुभव यांच्याशिवाय कृषी पदवी अपुरी, हा कृषी विद्यापीठांच्या बाजूने मांडला जाणारा आक्षेप निराधार नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने मुक्त व दूरस्थ पद्धतीसाठी वर्ज्य ठरवलेल्या विद्याशाखांत कृषी आणि फलोद्यान यांचा समावेश केला. गुणवत्तेच्या दृष्टीने या निर्णयाचे समर्थन करता येते. पण प्रात्यक्षिकाचा अभाव हा नोकरी शोधणाऱ्या तरुणाच्या बाबतीत जितका खरा, तितका तो रोज स्वतःच्या शेतात राबणाऱ्या चाळिशीतल्या शेतकऱ्याच्या बाबतीत खरा नाही. त्याच्याजवळ प्रक्षेत्र आधीच आहे. उणीव आहे ती ग्रंथाची, मार्गदर्शकाची आणि चर्चा करणाऱ्या सोबत्यांची. एकाच नियमाने दोघांना मोजल्यास अंतर विद्यार्थी आणि शेत यांच्यातील न राहता शेतकरी आणि विद्यापीठ यांच्यातील होते.

१९५६ च्या प्रयोगाचे महत्त्व येथेच पुन्हा जाणवते. तंत्र बदलले, लाटांच्या जागी उपग्रह आणि उपग्रहांच्या जागी भ्रमणध्वनी आले. तरीही गावातील वीस माणसे एकत्र बसून ऐकलेल्या गोष्टीवर शंका काढतात, ती शंका लिहून पाठवतात आणि तिचे उत्तर मिळण्याची वाट पाहतात, तेव्हाच प्रसारणाचे शिक्षण होते. विद्यापीठाने ते पत्र उघडावे आणि ते लिहिणाऱ्याचे नाव आपल्या पटावर घ्यावे, एवढीच अपेक्षा या इतिहासातून शिल्लक राहते.