बॅकअप, संकेतस्थळाचा स्वयंचलित
संकेतस्थळाच्या फाइल व डेटाबेसच्या प्रती ठरल्या वेळी, माणसाच्या आठवणीवर न विसंबता काढण्याची व्यवस्था. लिनक्स सर्व्हरवर हे काम बहुधा ‘क्रॉन’ करतो; त्याला मिनिट, तास, तारीख, महिना व वार असे पाच रकाने भरून द्यावे लागतात. वर्दळ कमी असलेली पहाटेची वेळ सोयीची. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी, हा रूढ नियम. मूळ सर्व्हरवरच ठेवलेली प्रत म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच.

नेमाने प्रत घेण्याचे महत्त्व संगणकाआधीचे. विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळे तुरुंगात १८ रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणून ‘गीता प्रवचने’ उरली.

नुसते वेळापत्रक मात्र पुरत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवण्याच्या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा नेमलेला बॅकअप मुळात होतच नव्हता आणि अपयशाचे ईमेलही पोचत नव्हते, असे आढळले. सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली. परत उभा करून न पाहिलेला बॅकअप जमेस धरू नये.