काळं पान, काळं वावर

अकोल्यात मे महिन्यात सकाळी साडेआठलाच ऊन अंगावर येतं. एका चर्चच्या मागच्या खोलीत सतरंजीवर तीन ते पाच वर्षांची दहा-बारा पोरं बसली होती. टीचरच्या हातात तळहाताएवढं पुस्तक होतं. त्यात अक्षर नाही, चित्र नाही, नुसती रंगीत पानं. तिनं काळं पान उघडून विचारलं, "हा रंग पाहून काय आठवते?" तिला हवं होतं 'पाप'. पुढे बसलेला एक पोट्टा ओरडला, "आमचं वावर!"

टीचर हसली, मीही हसलो. घरी आलो आणि त्या चिमुकल्या पुस्तकाची कुळी काढायला बसलो.

कुळी निघते लंडनची. ११ जानेवारी १८६६ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल या चर्चमध्ये प्रवचनाला उभे राहिले. विषय होता बायबलमधलं ५१वं स्तोत्र, म्हणजे दाविदाचं पश्चात्तापाचं. 'मला धू, म्हणजे मी बर्फाहून पांढरा होईन' या अर्थाची विनवणी त्यात आहे. ती समजावताना स्पर्जननी एका म्हाताऱ्या धर्मगुरूची गोष्ट सांगितली. हा गृहस्थ एक लहानसं पुस्तक सारखं उघडून बघत बसायचा. आत काय आहे म्हणून लोकांनी विचारलं, तर त्यात एकही शब्द नव्हता. तीनच पानं होती. काळं आपल्या पापाचं, लाल ख्रिस्ताच्या रक्ताचं, पांढरं धुऊन निघालेल्या मनाचं.

म्हणजे जे पुस्तक आज बालवाडीतल्या पोरांपुढे धरलं जातं, ते मुळात पोरांसाठी नव्हतंच. लिहिता-वाचता येणाऱ्या, आयुष्यभर शब्दच वापरलेल्या एका म्हाताऱ्यानं ते स्वतःसाठी जवळ ठेवलं होतं. काळ्या पानाकडे तो बघायचा तेव्हा त्याच्या मागे सत्तर-ऐंशी वर्षांचा हिशेब असणार. चार वर्षांच्या पोराच्या मागे काय असतं? सांडलेलं दूध आणि बहिणीला काढलेला चिमटा.

पुस्तक मुलांकडे वळलं तसं त्याला पान फुटलं. अमेरिकन प्रवचनकार ड्वाइट मूडी यांनी १८७५ साली लिव्हरपूलला मुलांच्या सभेत सोनेरी पान जोडलं, स्वर्गाचं. मुलांसमोर उभं राहिल्यावर नुसतं धुण्यावर भागत नाही, पुढे काहीतरी गोड ठेवावं लागतं, हे त्यांना कळलं असावं. पुढे जेसी ओव्हरहोल्टझर यांनी १९३७ साली अमेरिकेत चाइल्ड इव्हँजेलिझम फेलोशिप काढली. लहान मुलांना शुभवर्तमान सांगणं एवढंच या संस्थेचं काम. तिच्या हातात पुस्तकाला हिरवा रंग आला, वाढीचा, आणि तो मुखपृष्ठावर गेला. क्रमही बदलला. आता सुरुवात सोनेरीपासून होते, काळं दुसरं येतं. मला हा बदल रंग वाढवण्यापेक्षा मोठा वाटतो. म्हातारा पापापासून सुरू करायचा, पोरांची गोष्ट देवाच्या घरापासून सुरू होते.

हिंदुस्थानात हे रंग बैलगाडीवरून फिरले. मिशनरी एमी कार्मायकल १८९५ साली इकडे आल्या आणि तमिळ मुलखातल्या खेड्यांत जाताना त्यांनी याच रंगांचा साटिनचा झेंडा शिवून गाडीला लावला. झेंडा बघून माणसं जमत, विचारत, आणि मग एकेका रंगावरून बोलणं सुरू होई.

वऱ्हाडात ख्रिस्ती मिशनचा खरा पसारा झाला तो दुष्काळात. १८९९-१९००च्या छप्पन्न्या दुष्काळात पोरकी झालेली मुलं ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सनं सांभाळली. मुलगे अकोल्याच्या अनाथाश्रमात, मुली खामगावच्या. आजच्या कित्येक वऱ्हाडी ख्रिस्ती घरांचा आजा-पणजा त्या दुष्काळापाशी जाऊन थांबतो.

तोवर मराठी शुभवर्तमान जवळजवळ शंभर वर्षांचं झालं होतं. विल्यम केरी यांनी बंगालातल्या श्रीरामपुरात १८०५ साली मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत छापलं, १८११ साली अख्खा नवा करार. त्यांच्याजवळ बसून मराठी सांगणारा माणूस होता नागपूरचा वैजनाथ पंडित. प्रत्येक शब्दाला तो अडवत असणार: हे असं नाही, आमच्याकडे असं म्हणतात. शब्दांच्या शुभवर्तमानाला असा पंडित लाभला. रंगांच्या पुस्तकाला कोणी लाभला नाही. रंगाचं भाषांतर करावं लागतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. ते काम शेवटी सतरंजीवरच्या पोट्ट्यानं केलं.

आणि त्याचं काय चुकलं? आपल्याकडे गावच दोन रंगांत वाटलेलं आहे. वस्तीची जागा ती पांढरी, शेतजमीन ती काळी. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी तर अशी की उन्हाळ्यात भेगांमध्ये हात जातो आणि पावसाळ्यात पायातली चप्पल रुतून बसते. त्या काळीतून पांढरं काय निघतं? कापूस. म्हाताऱ्याच्या पुस्तकातलं पहिलं आणि तिसरं पान वऱ्हाडात एकाच वावरात सापडतं. मधलं लाल मात्र इथं तारणारं नाही. कपाशीची पानं लाल पडू लागली की शेतकरी म्हणतो लाल्या आला, आणि त्याचा चेहरा उतरतो. पंढरीला निघालेल्या माणसाला काळा रंग दाखवून पाप आठवायला सांगा बरं! त्याला विठोबाच आठवेल.

बर्फाचंही तेच. त्याच वर्गात पांढरं पान आलं तेव्हा टीचर म्हणाली, "बर्फावानी पांढरं." एक पोरगी लगेच म्हणाली, "बर्फ त लाल बी रायते, टीचर. हिरवा बी रायते." गोळेवाल्याची गाडी रोज संध्याकाळी गल्लीत येते, तिनं दुसरा बर्फ पाहिला कुठे?

रंगांना कुठलंही नीतीचं ओझं न देता ते मुलांच्या हाती देणारी एक बाई याच वऱ्हाडात काही वर्षं राहून गेली. ताराबाई मोडक १९१५ साली अमरावतीच्या एका वकिलाशी लग्न होऊन इथं आल्या. पुढे संसार मोडला, त्या राजकोटला आणि मग भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या आणि बालशिक्षणाच्या झाल्या. त्यांनी हाती घेतलेल्या माँटेसरी पद्धतीतल्या रंगपट्ट्यांत काळा म्हणजे काळा. गडद-फिकट लावा, जोड्या जुळवा, संपलं. तीन वर्षांच्या मुलाचा रंग आधी त्याच्या डोळ्यांचा असू द्यावा, अर्थ मागून येईल, याच मताचा मीही आहे. पण हे मत टीचरला सांगितलं तर ती म्हणेल, मग माझ्या पुस्तकात उरलं काय?

सुदैवानं तिला माझ्या मताची गरज नव्हती. पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो. काळं पान उघडून तिनं या वेळी काही विचारलंच नाही. ते पुस्तक तिनं पोरांच्या तोंडासमोर धरलं आणि म्हणाली, "लाइट गेली!" सगळ्यांनी एका सुरात "ओऽऽ" केलं. उन्हाळ्यातली रात्र, पंखा बंद, आई दिसत नाही, हे त्या खोलीत कोणाला सांगावं लागलं नाही. "मग काय करता?" "आईले आवाज देतो." "आई येते का?" "येते." मग तिनं पुढचं पान उलटलं. काळा रंग वाईट आहे असं ती एकदाही बोलली नाही.

हल्ली पुस्तकाबरोबर मणी आले आहेत. त्याच रंगांचे पाच मणी दोऱ्यात ओवायचे, मनगटाला बांधायचे, घरी जाऊन आईला एकेक मणी सांगायचा. पोरांचं ओवणं म्हणजे अर्धे मणी सतरंजीखाली. वावरवाल्या पोट्ट्याचा नंबर आला तेव्हा त्यानं हात पुढे केला. मनगटावर आधीच काळ्या मण्यांची मनगटी होती, दृष्ट लागू नये म्हणून आजीनं बांधलेली. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, पण दृष्ट काही बाप्तिस्म्यानं जात नाही.

टीचर क्षणभर थांबली. मग तिनं मनगटी थोडी वर सरकवली, खाली पाच मण्यांचा दोरा बांधला आणि दातानं गाठ आवळली. पोट्ट्यानं हात फिरवून पाहिला आणि काळे मणी मोजायला लागला.