पोटावर काढलेला खड्डा

1980 साली जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तर शाबासकी राहिली बाजूला, त्यांना निलंबित करा अशी मागणी झाली. दहाच वर्षांनी, 1990 मध्ये, मुंबईत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि भारतात या शस्त्रक्रियेचं युग सुरू झालं. लहान छिद्रं, कमी वेदना, लवकर घरी. रुग्णाला आणखी काय हवं?

सर्जनला मात्र किंमत मोजावी लागली. बोटांचा स्पर्श गेला, आणि समोर आला सपाट पडदा. 2003 मध्ये लॉरेन्स वे आणि सहकाऱ्यांनी पित्तनलिकेच्या 252 इजांचा अभ्यास केला. 97 टक्के प्रकरणांत मूळ कारण निघालं दृष्टिभ्रम! हात चुकले नव्हते. मुख्य नलिकाच पित्ताशयाची नलिका वाटली आणि ती पूर्ण विश्वासाने कापली गेली.

मग आतलं दिसावं कसं? इथे मला आवडणारी गोष्ट येते. 1992, अमेरिकेतलं चॅपल हिल. हेन्री फुक्स, मायकेल बाजुरा आणि र्युतारो ओबुची या संगणकवाल्यांनी डोक्यावर कॅमेऱ्याचं शिरस्त्राण चढवलं आणि गर्भवतीच्या पोटावर सोनोग्राफीचं चित्र जागच्या जागी दाखवलं. जागा बरोबर, पण चित्र पोटाच्या आत दिसेना. टिकली चिकटवावी तसं ते त्वचेवर बसलेलं दिसे! डोळ्याचा हिशेब साधा असतो: जे झाकतं ते पुढे, जे झाकलं जातं ते मागे. यावर त्यांनी काय केलं? पोटावर संगणकाने चक्क एक खड्डा काढला, आणि चित्र त्यात ठेवलं. खड्ड्याच्या भिंती दिसल्या की डोळा मानतो, हे आत आहे. 1998 मध्ये फुक्स यांच्या गटाने हीच कल्पना दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेकडे नेली.

2004 मध्ये स्ट्रासबर्गच्या जाक मारेस्को यांनी सीटी स्कॅनचं त्रिमित चित्र पडद्यावर चढवून अधिवृक्क ग्रंथी काढली. निवड शहाणपणाची होती, असं मला वाटतं. ती ग्रंथी मागे, मूत्रपिंडावर, त्यामानाने स्थिर बसलेली. यकृताचं तसं नाही. पोटात वायू भरला, श्वास आत-बाहेर झाला, चिमट्याने उचललं, की ते सरकतं, वाकतं. स्कॅन आदल्या दिवशीचा. नदीने पात्र बदललं आणि हातात नकाशा जुनाच!

दुसरी अडचण माणसाची. 2013 मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी सर्जनांना मृतदेहावर नाकातून दुर्बीण घालायला दिली. काहींच्या पडद्यावर मार्गदर्शक रेषा होत्या. त्यांचं लक्ष्य अधिक अचूक साधलं, पण मुद्दाम ठेवलेला स्क्रू त्यांच्यापैकी फार थोड्यांना दिसला.

म्हणून मला इंडोसायनिन ग्रीनची युक्ती जास्त भावते. हा रंग शिरेतून देतात, यकृत तो पित्तात सोडतं, आणि जवळच्या अवरक्त प्रकाशात कॅमेऱ्याला नलिका स्वतःच चमकताना दिसते. चरबी जाड असली तर अंधूक दिसते, हे खरं. पण नलिका हलली तर चमकही तिच्याबरोबरच हलते.